वर्णभेद आणि समेट : दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती मंडळ्यांचा अनुभव

घटक ५

५.१ प्रास्ताविक

वैचारिक गद्याचा अभ्यास करताना एखादी संकल्पना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत येते तेव्हा तिच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न वारंवार उभा राहतो. या घटकात अशाच एका संकल्पनेचा विचार करावयाचा आहे. ती संकल्पना म्हणजे समेट. दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्ती समाज वंशाच्या नावाने कसा दुभंगला आणि त्याने पुन्हा एकत्र येण्याचा प्रयत्न कसा केला, हा इतिहास आपण पाहणार आहोत. हा इतिहास परक्या देशाचा असला तरी मराठी वाचकाला तो फार परका वाटू नये. पंगत कोणाची, पाणवठा कोणाचा, या प्रश्नांवर आपल्याकडेही समाजसुधारणेचे पुष्कळसे वाङ्मय उभे राहिले आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. ‘अपार्टहाइड’ हा आफ्रिकान्स भाषेतील शब्द असून त्याचा मूळ अर्थ ‘वेगळेपणा’ असा आहे. मराठीत त्याला ‘वर्णभेद’ म्हणण्याचा प्रघात पडला. हा प्रतिशब्द सोयीचा आहे, परंतु निर्धोक नाही. मराठीत ‘वर्ण’ म्हणजे कातडीचा रंग आणि ‘वर्ण’ म्हणजे चातुर्वर्ण्यातील वर्ण. त्यामुळे हा शब्द उच्चारताच आपल्या मनात आपल्याच समाजाची चित्रे उभी राहतात. ती राहावीत. मात्र एक फरक विसरू नये. दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक व्यक्तीचा वंश सरकारी दफ्तरात नोंदला जात असे, आणि त्या नोंदीवरून तिने कोठे राहावे, कोणत्या शाळेत शिकावे, कोणाशी विवाह करावा, हे ठरत असे. तेथील भेदाला रूढीबरोबर कायद्याचे आणि पोलिसांचेही बळ होते.

५.२ भेदाचा आरंभ : प्रभुभोजनाचे मेज

१६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे आपला तळ वसवला. कंपनीबरोबर डच रिफॉर्म्ड चर्चही तेथे आले. पुढे गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या शेजारीच गुलाम, मूळचे खोईखोई लोक आणि मिश्रवंशीय यांतूनही ख्रिस्ती झालेले लोक दिसू लागले. सर्वांनी एकाच मंडळीत बसावे की नाही, हा प्रश्न लवकरच निघाला आणि तो नेमका प्रभुभोजनाच्या वेळी निघाला. ख्रिस्ती उपासनेत भाकर आणि द्राक्षारस एकत्र घेण्याचा जो विधी आहे, त्यात पंक्तिभेद कसा करावयाचा, याची उघड चर्चा होऊ लागली.

१८२९ मध्ये या चर्चच्या धर्मसभेने निःसंदिग्ध निर्णय दिला. प्रभुभोजन रंगाचा भेद न करता सर्व सभासदांना एकत्रच दिले जावे, असे ठरले. तत्त्व म्हणून प्रश्न तेथेच मिटावयास हवा होता. पण पूर्व केपमधील स्टॉकेनस्ट्रॉम येथील काही गोऱ्या सभासदांनी आपल्याला वेगळे प्रभुभोजन द्यावे, अशी मागणी केली. ही आणि अशा तऱ्हेची प्रकरणे १८५७ च्या धर्मसभेपुढे आली, आणि तेथे जो ठराव झाला तो या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. ठरावाचा आशय असा : नवख्रिस्ती सभासदांना शक्य तेथे जुन्या मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट आहे आणि शास्त्राला धरून आहे, परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे त्यात अडथळा येत असेल, तर त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी.

येथे क्षणभर थांबून ‘दुर्बलता’ या शब्दाकडे पाहा. हा शब्द पौलाच्या पत्रांतून आला आहे. ज्यांची श्रद्धा अजून कोवळी आहे, ज्यांना अन्नपाण्याविषयी शंका येतात, अशा दुर्बलांना सबळांनी सांभाळून घ्यावे, असा पौलाचा उपदेश आहे. १८५७ च्या ठरावात दुर्बल कोण ठरले? ज्यांच्याजवळ जमीन होती, बंदूक होती, मंडळीचा कारभार होता, ते दुर्बल ठरले. आणि ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नव्हते, त्यांनी या दुर्बलांना सांभाळून घेऊन शेजारच्या इमारतीत जावे, असे ठरले. धर्मशास्त्रातील एक करुणेचा शब्द कसा उलटा फिरवता येतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळा. ठराव करणारे लोक दुष्ट होते, असेही म्हणता येत नाही. त्यांनी तत्त्व सोडले नव्हते. केवळ एक सवलत दिली होती.

ती सवलत चोवीस वर्षांत संस्था बनली. १८८१ मध्ये मिश्रवंशीयांसाठी ‘डच रिफॉर्म्ड मिशन चर्च’ स्वतंत्रपणे स्थापन झाले. त्याच्या कारभारावर गोऱ्या मातृचर्चचे नियंत्रण मात्र दीर्घकाळ राहिले. पुढे कृष्णवर्णीयांच्या निरनिराळ्या प्रांतांतील मंडळ्या मिळून १९६३ मध्ये ‘डच रिफॉर्म्ड चर्च इन आफ्रिका’ झाले, आणि १९६८ मध्ये भारतीयांसाठी ‘इंडियन रिफॉर्म्ड चर्च’. १८६० पासून नाताळच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांच्या वंशजांपैकी जे या पंथात आले, त्यांच्यासाठीही असे एक निराळे घर बांधले गेले. एक श्रद्धा, एकच धर्मोपदेश, आणि कातडीगणिक एकेक चर्च.

मराठी वाचकाला हे समजावून द्यावयास फारसे शब्द लागत नाहीत. आपण ज्याला रोटीबंदी म्हणतो ती १८५७ मध्ये आली. बेटीबंदी १९४९ च्या मिश्रविवाहबंदीच्या कायद्याने आली. चर्चने जे अंगवळणी पाडले होते त्याला राज्याने कायद्याचा आकार दिला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९४८ मध्ये ज्या नॅशनल पक्षाने सत्ता मिळवली, त्याचे नेते आणि नवे पंतप्रधान डी. एफ. मलान हे स्वतः या चर्चचे दीक्षित पाळक होते.

आपली प्रगती तपासा : १८२९ आणि १८५७ च्या निर्णयांत तत्त्वाच्या पातळीवर कितपत फरक आहे? व्यवहाराच्या पातळीवर कितपत? पाच-सहा ओळींत लिहा.

५.३ चर्चमधून उठलेला विरोध

वर्णभेदाच्या काळात सर्वच चर्चेस सरकारच्या बाजूने होती, असे समजणे चूक ठरेल. आणि इंग्रजी भाषक चर्चेस सर्वस्वी निर्दोष होती असे समजणेही तितकेच चूक ठरेल. १९५७ मध्ये सरकारने गोऱ्यांच्या वस्तीतील चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना येण्यास मज्जाव करण्याचा अधिकार मंत्र्याला देणारे कलम आणले, तेव्हा केपटाऊनचे अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून आपण हे कलम पाळू शकत नाही आणि आपल्या लोकांना ते पाळण्याचा सल्लाही देऊ शकत नाही, असे कळवले. पत्रावर सही केल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. असे प्रसंग आहेत. पण ठराव निषेधाचे आणि दैनंदिन व्यवहार वेगळेपणाचा, ही विसंगती या चर्चेसमध्येही होती, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

डच रिफॉर्म्ड चर्चच्या आतून उठलेला विरोध अधिक महागात पडणारा होता. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि ६९ माणसे मारली गेली. त्यानंतर डिसेंबरात जोहान्सबर्गमधील कॉटेस्लो येथे जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकाराने तेथील चर्चेसची बैठक झाली. केवळ रंगावरून कोणालाही कोणत्याही चर्चमधून वगळता येणार नाही आणि मिश्रविवाहाच्या बंदीला शास्त्राधार नाही, अशी विधाने तेथे संमत झाली. डच रिफॉर्म्ड चर्चच्या केप आणि ट्रान्सवाल येथील प्रतिनिधींनी त्यांना मान्यता दिली होती. पंतप्रधान फेरवुर्ड यांनी नाराजी व्यक्त करताच त्यांच्याच धर्मसभांनी ही विधाने फेटाळली आणि १९६१ मध्ये जागतिक परिषदेचे सभासदत्वही सोडले.

मागे न फिरलेल्या प्रतिनिधींत बायर्स नॉडे हे होते. त्यांचे वडील आफ्रिकानर लोकांच्या ‘ब्रूदरबॉन्ड’ या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी. स्वतः नॉडेही तिचे सभासद आणि चर्चमधील मानाच्या पदावरील पाळक. १९६३ मध्ये त्यांनी सर्व वंशांच्या ख्रिस्ती लोकांसाठी ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’ ही संस्था काढली आणि त्यासाठी व्यासपीठ सोडले. १९७७ ते १९८४ अशी सात वर्षे सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम बजावला होता. कुटुंबीयांखेरीज एका वेळी एकापेक्षा अधिक माणसांना भेटणे हाही त्या हुकमाखाली गुन्हाच. या बंदीच्या काळातच, १९८० मध्ये, त्यांनी गोरे चर्च सोडून कृष्णवर्णीयांच्या चर्चचे सभासदत्व स्वीकारले. १८५७ मध्ये जे दार एका बाजूने बंद केले गेले होते, त्यातून हा मनुष्य उलट्या दिशेने गेला.

५.४ बेल्हार : समेटाला न्यायाची जोड

१९७४ मध्ये गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चने एक अहवाल प्रसिद्ध करून वेगळ्या विकासाला शास्त्राधार पुरवला. आता भेद ही ‘काहींच्या दुर्बलतेस’ दिलेली सवलत राहिली नव्हती. ती ईश्वरी योजना म्हणून मांडली जात होती.

१९८२ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाची सभा भरली. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या काही कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय प्रतिनिधींनी तेथे प्रभुभोजन घेण्यास नकार दिला. मायदेशी जे आम्हांला एका मेजावर बसू देत नाहीत, त्यांच्यासह परदेशात बसण्याचे नाटक आम्ही का करावे, असा त्या नकाराचा अर्थ होता. संघाने वर्णभेदाचे धर्मशास्त्रीय समर्थन हे पाखंड असल्याचे जाहीर केले, दोन गोऱ्या चर्चेसचे सभासदत्व स्थगित केले आणि मिशन चर्चचे पाळक ॲलन बूसाक यांना अध्यक्ष निवडले.

त्याच वर्षी केपटाऊनजवळील बेल्हार या उपनगरात मिशन चर्चची धर्मसभा झाली आणि तिने एका विश्वासांगीकाराचा मसुदा केला. मंडळ्यांनी चार वर्षे त्याचा विचार केल्यावर १९८६ मध्ये तो स्वीकारण्यात आला. त्यात तीन गोष्टींवर भर आहे : चर्चची एकता, समेट आणि न्याय. चर्चची एकता ही केवळ अदृश्य नसावी, ती डोळ्यांना दिसली पाहिजे. वंशावरून माणसांना सक्तीने वेगळे ठेवणारी शिकवण समेटाच्या शुभवर्तमानाच्या विरुद्ध आहे. आणि देव विशेषेकरून दीनांचा, दरिद्र्यांचा व अन्यायग्रस्तांचा पक्ष घेतो, असा त्याचा आशय आहे.

माझ्या मते या विश्वासांगीकाराइतकेच त्याच्यासोबतचे पत्र वाचनीय आहे. अन्याय सोसणाऱ्यांनी लिहिलेले हे पत्र, पण त्यात विजयाचा किंवा तुच्छतेचा सूर नाही. आपण उपसलेली तलवार दुधारी आहे, पहिला दगड मारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाच नाही, असे ते मान्य करते. आरोप करताना स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर न ठेवणे, हे वैचारिक गद्यात फार दुर्मीळ असते.

सर्वांचा सूर असा नव्हता. १९८५ मध्ये सोवेटो आणि जोहान्सबर्ग परिसरातील धर्मशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या ‘कैरोस’ निवेदनाने सरकारी धर्मशास्त्रावर तर टीका केलीच, पण त्याहून झोंबणारी टीका चर्चच्या सौम्य भाषेवर केली. समेट हे प्रत्येक भांडणावरचे औषध नव्हे, जेथे एक बाजू सशस्त्र अन्याय करते आहे आणि दुसरी तो सोसते आहे, तेथे दोघांना सारखेच समजवायला निघणे म्हणजे अन्यायाला साथ देणे होय, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आता पुन्हा शब्दाकडे वळू. मराठी बायबलमध्ये देव आणि मनुष्य यांच्यातील दुरावा मिटण्यासाठी ‘समेट’ हा शब्द योजला आहे. परंतु गावगाड्यात समेट म्हणजे काय? दोन भाऊ बांधावरून भांडतात, पंच बसतात, दोघांनाही थोडे-थोडे सोडावयास लावतात आणि पानसुपारी होते. यात दोन्ही बाजूंची काही चूक आहे, हे गृहीतच असते. ‘तडजोड’ तर याहूनही खाली उतरते, ‘दिलजमाई’त मने जुळतात, पण बांधाचे काय झाले ते कळत नाही, ‘सलोखा’ हा वृत्तपत्रांचा आणि शांतता समित्यांचा शब्द. आफ्रिकान्समधील ‘फर्सूनिंग’ या शब्दात समेट आणि पापाचे प्रायश्चित्त हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. ‘कैरोस’च्या लेखकांचे म्हणणे मराठीत सांगावयाचे तर ते असे सांगता येईल : बांध ज्याने कोरला त्याने तो आधी पूर्ववत करावा, पानसुपारी मागाहून.

आपली प्रगती तपासा : ‘समेट’, ‘सलोखा’, ‘दिलजमाई’ आणि ‘तडजोड’ हे शब्द स्वतःच्या वाक्यांत योजून त्यांच्या अर्थच्छटांतील फरक स्पष्ट करा.

५.५ पापकबुली आणि तिची किंमत

नोव्हेंबर १९९० मध्ये, नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटल्याच्या वर्षीच, रुस्टेनबर्ग येथे देशातील चर्चेसची मोठी परिषद भरली. स्टेलेनबॉश येथील धर्मशास्त्राचे प्राध्यापक विली योंकर यांनी आपल्या भाषणात वर्णभेदाच्या पापात आपला वाटा असल्याची कबुली दिली, आणि ती स्वतःपुरतीच न ठेवता आपल्या चर्चच्या व आफ्रिकानर समाजाच्या वतीनेही दिली. आर्चबिशप डेझमंड टूटू उठले आणि त्यांनी ही कबुली स्वीकारून क्षमा जाहीर केली. दुसऱ्या दिवशी डच रिफॉर्म्ड चर्चच्या प्रतिनिधींनीही योंकर यांच्या विधानाशी सहमती दर्शवली.

प्रसंग हृद्य होता. तरीही सभागृहातील काही कृष्णवर्णीय प्रतिनिधी अस्वस्थ झाले, आणि त्यांची अस्वस्थता तुम्ही समजून घेतली पाहिजे. त्यांचे प्रश्न साधे होते. सर्वांच्या वतीने पाप कबूल करण्याचा अधिकार एका माणसाला कोणी दिला? सर्वांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार दुसऱ्याला कोणी दिला? आणि ज्यांची घरे गेली, त्यांच्या घरांचे काय?

घरांचा प्रश्न अलंकारिक नव्हता. केपटाऊनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही मिश्र वस्ती १९६६ मध्ये गोऱ्यांसाठी राखीव ठरवण्यात आली आणि सुमारे ६० हजार लोकांना तेथून हलवण्यात आले. घरे बुलडोझरने पाडली, पण काही प्रार्थनामंदिरे उभीच राहिली. उठवलेले लोक दर रविवारी दूरच्या वस्त्यांतून त्या उजाड माळावरील आपल्या चर्चमध्ये उपासनेला येत. तेथील एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये १९९४ पासून या वस्तीचे संग्रहालय आहे.

१९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग स्थापन झाला आणि टूटू त्याचे अध्यक्ष झाले. सुमारे २१ हजार पीडितांचे जबाब आयोगाने नोंदवले. गुन्हेगाराने राजकीय हेतूने केलेल्या कृत्याची संपूर्ण माहिती दिली तर त्याला कायदेशीर माफी मिळू शकत असे. पश्चात्ताप झाला पाहिजे, अशी अट कायद्यात नव्हती, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. आयोगाच्या सभागृहात मेणबत्त्या होत्या, प्रार्थना होत्या, अध्यक्ष जांभळ्या झग्यात होते. त्यामुळे पाहणाऱ्याला वाटे की हा पापांगीकाराचा विधी चालला आहे. प्रत्यक्षात तो एक राजकीय करार होता. १९७७ मध्ये पोलिसांच्या ताब्यात मरण पावलेले स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबाने या माफीलाच न्यायालयात आव्हान दिले आणि ते हरले. बिको यांच्या प्रकरणातील पोलिसांना पुढे माफी नाकारली गेली, हा भाग निराळा.

तरीही करारापलीकडचे काही त्या सभागृहांत घडले, हे नाकारता येणार नाही. २५ जुलै १९९३ रोजी केपटाऊनच्या केनिलवर्थ भागातील सेंट जेम्स चर्चमध्ये उपासना चालू असताना एका कृष्णवर्णीय सशस्त्र संघटनेच्या तरुणांनी गोळीबार केला व हातबॉम्ब फेकले. ११ जण ठार झाले; त्यांत चार रशियन खलाशीही होते. माफीच्या सुनावणीत, त्या दिवशी पत्नी गमावलेल्या एका गृहस्थाने अर्जदारांना विनंती केली की त्यांनी मागे वळून आपल्याकडे पाहावे. दाराजवळ बसलेली आपली पत्नी त्यांना आठवते का, असे त्याने विचारले. आठवत नाही, असे उत्तर आले. त्याने तरीही त्यांना क्षमा केली. ही क्षमा त्याची स्वतःची होती. ती कोणाच्या वतीने दिलेली नव्हती, आणि दुसऱ्या कोणी तिचे अनुकरण करावे अशी अपेक्षाही ती करीत नव्हती.

आयोगाने सुचवलेली नुकसानभरपाई पुष्कळ कमी करण्यात आली. २००३ मध्ये सरकारने नोंद झालेल्या प्रत्येक पीडिताला एकरकमी ३० हजार रँड देण्याचे ठरवले.

५.६ अपुरा राहिलेला भाग

एप्रिल १९९४ मध्ये, देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्याच महिन्यात, मिश्रवंशीयांचे मिशन चर्च आणि कृष्णवर्णीयांचे चर्च एकत्र येऊन ‘युनायटिंग रिफॉर्म्ड चर्च’ झाले. नावातील क्रियापदाचे रूप पाहा : ‘एकत्र झालेले’ असे ते म्हणवत नाहीत, ‘एकत्र होत असलेले’ म्हणवतात. कृष्णवर्णीयांच्या काही मंडळ्या मात्र बाहेर राहिल्या आणि मालमत्तेचे वाद न्यायालयापर्यंत गेले. गोऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चने १९८६ मध्येच आपले दार सर्व वंशांना खुले केले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये आयोगाच्या ईस्ट लंडन येथील सुनावणीत त्याच्या नेत्यांनी चुकांची कबुलीही दिली. पण दोन्ही चर्चेसचे एक चर्च अद्याप झालेले नाही.

अडले कोठे? नव्या चर्चची अपेक्षा एकच होती : बेल्हारचा विश्वासांगीकार मान्य करा. गोऱ्या चर्चच्या सर्वसाधारण धर्मसभेने २०११ मध्ये त्या दिशेने पाऊल टाकले, परंतु त्यासाठी आवश्यक असलेली घटनादुरुस्ती २०१५ पर्यंत प्रादेशिक धर्मसभांच्या मतदानात पुरेसे पाठबळ मिळवू शकली नाही. विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांना बेल्हारमधील एकतेचा भाग मान्य होता. देव दीनांचा पक्ष घेतो, हे वाक्य त्यांना खटकत होते. वर्णभेद पाप होता, हे म्हणणे त्यांना आता जड नव्हते. पण त्या पापाने कोणाला काय मिळाले आणि कोणाचे काय गेले, याचा हिशेब चर्चच्या अधिकृत श्रद्धेत लिहिला जावा, हे जड होते. पाळकांचे पगार, इमारतींची मालकी, उपासनेची भाषा, हे प्रश्न त्याच हिशेबातील पोटकलमे आहेत.

कायदा आता कोणालाही अडवत नाही. परंतु १९५० च्या वस्तीविभाजन कायद्याने आखलेल्या वस्त्या बऱ्याच अंशी आजही तशाच आहेत, आणि माणूस साहजिकच घराजवळच्या चर्चमध्ये जातो. त्यामुळे रविवारी सकाळी केपमधील पुष्कळ मंडळ्यांत प्रभुभोजनाच्या मेजाभोवती आजही बहुतांशी एकाच रंगाची माणसे जमतात.

५.७ स्वाध्याय

१. ‘सवलत म्हणून आलेला भेद पुढे तत्त्व बनतो.’ १८५७ ते १९७४ या काळातील घटनांच्या आधारे या विधानाची चर्चा करा.

२. रुस्टेनबर्ग येथील पापकबुली आणि सेंट जेम्स प्रकरणातील क्षमा यांत तुम्हांला कोणता मूलभूत फरक दिसतो?

३. तुमच्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या जुन्या तंट्याचा ‘समेट’ कसा झाला, हे वडीलधाऱ्यांकडून जाणून घ्या. त्यात कोणी काय सोडले, कोणाला काय परत मिळाले आणि कोणाला बोलावलेच गेले नाही, याची टिपणे काढून ४०० शब्दांत लिहा. संपर्क सत्राला येताना हे टिपण सोबत आणावे.